मदत हवी आहे : बर्फ वितळेपर्यंत पारा शून्यावर थांबतच नाही

राम राम मंडळी. यावल तालुक्यात सुट्टीत आठवी-नववीच्या पोरांना विज्ञानाचे प्रयोग करून दाखवतो. बर्फ पूर्ण वितळेपर्यंत तापमान ०° सेल्सियसवर थांबतं, हे दाखवायचं होतं. पातेल्यात लादीचे टोच्याने फोडलेले २०० ग्रॅम तुकडे, खाली स्पिरिटचा दिवा. तर तुकडे तरंगत असतानाच थर्मामीटर ६° दाखवायला लागला! एक पोरगं म्हणे, "सर, पुस्तक चुकलं का?"

पुस्तक बरोबर आहे. १ ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी लागतात, म्हणजे २०० ग्रॅमला १६,००० कॅलरी. तेवढ्यात तेच पाणी ८०° पर्यंत तापलं असतं. चूक आमच्याच मांडणीत आहे.

करून पाहिलेलं : सतत ढवळलं, तर ६ चे ३ झाले. दिवा काढून थर्मामीटर बर्फाच्या बारीक चुऱ्यात ठेवला तर १°, म्हणजे थर्मामीटर मुळातच १ जास्त दाखवतो. पण उकळत्या पाण्यात तोच ९८ वर अडकतो. आपल्याकडची उंची पाहता उत्कलनबिंदू १०० पेक्षा जेमतेम अर्धा-पाऊण अंश कमी हवा, दोन नाही. नळी बरीचशी पाण्याबाहेर राहते, त्यामुळे असेल का?

थर्मामीटर लाल द्रवाचा, −१० ते ११० चा (पारा आपला सवयीने म्हणतो). डिजिटल घ्यायला पैसे नाहीत. खोलीत दुपारी ४२° असतं, वीज भरवशाची नाही, त्यामुळे प्रयोग सकाळीच उरकतो.

विचारायचं एवढंच : दिवा चालू ठेवूनही काटा निदान दहा मिनिटं एका जागी राहावा, यासाठी बर्फ किती बारीक, किती पाण्यात आणि आच किती ठेवायची?