बिल गेट्सवरचा माहितीपट: कॉलेजांत दाखवावा का?

मांडवीकाठ: डेव्हिस गुगेनहाइमचा बिल गेट्सवरचा तीन भागांचा माहितीपट (नेटफ्लिक्स, २०१९) गोव्यातल्या प्रत्येक कॉलेजात दाखवावा. मायक्रोसॉफ्ट उभी करणारा माणूस १९९७ साली वर्तमानपत्रात वाचतो, की गरीब देशांत मुलं अतिसाराने दगावतात. पुढे तो डोकं आणि पैसा दोन्ही शौचालयांवर लावतो. मैल्यापासून वीज आणि पाणी काढणारं यंत्र करवून घेतो, ते पाणी स्वतः पितो. आपल्याकडे सेप्टिक टँक विहिरीला लागून असतात, उपसलेला मैला टँकर कुठे ओततो हे कोणी विचारतही नाही. या घाणीत एवढ्या हुशार माणसाने लक्ष घातलं, याचं मला फार मोल वाटतं.

डिचोलीकर: काम मोठं आहेच. आक्षेप चित्रणावर आहे. दिग्दर्शक आवडता प्राणी कोणता, आवडता पदार्थ कोणता असं विचारत बसतो. अमेरिकी सरकारने १९९८ साली मायक्रोसॉफ्टवर मक्तेदारीचा खटला भरला, त्यावर मात्र मऊ सूर. जगाच्या आरोग्याचे अग्रक्रम एका माणसाच्या पैशाने ठरायला लागले, तर जाब कोणाला विचारायचा? भाटकाराने, म्हणजे जमीनमालकाने, देवळाला सभामंडप बांधून दिला तरी मुंडकाराचा, म्हणजे त्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचा, घरावरचा हक्क उरतोच, त्यासाठी १९७५ चा कायदा करावा लागला. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर खाणमालक आणि दानशूर. पण त्यांच्या सरकारने गावोगाव शाळा काढल्या त्या १९६३ साली लोकांनी मतं दिल्यावर, सरकारी तिजोरीतून. पटलं नसतं तर लोक त्यांना पाडू शकत होते.

पेडण्याची: माहितीपटातल्या पोलिओच्या भागाबद्दल बोलते. भारतातला शेवटचा रुग्ण २०११ मधला, पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र २०१४ मध्ये मिळालं. त्यात गेट्सचा पैसा होता, तसा रोटरीचा होता, आपल्या सरकारचाही होता. उन्हातान्हात दारोदार डोस पाजत फिरल्या त्या मात्र अंगणवाडीच्या बायका. अशा बायकांना या पटात आणखी वेळ मिळायला हवा होता.

मांडवीकाठ: बायकांबद्दल पूर्ण सहमत. पण डिचोलीकर, तिसऱ्या भागात टेरापॉवर या गेट्सच्या अणुऊर्जा कंपनीची चीनमधली अणुभट्टी अमेरिकी सरकारच्या नियमांमुळे अडते, तेही दाखवलंय. नुसती आरती ओवाळायची असती तर हे वगळलं असतं.

डिचोलीकर: अडलेला प्रकल्प दाखवून नायकाबद्दल हळहळच वाटते, जाब विचारला जात नाही. कॉलेजात जरूर दाखवा, पण त्याच दिवशी खटल्यातली गेट्सची चित्रित जबानीही लावा. मुलांना दोन्ही पाहू देत.