तालुक्याला ज्येष्ठांचं आरोग्य केंद्र काढायचंय: आधी खाटा की आधी ओपीडी?

प्रश्न (केज, जि. बीड)
ट्रस्टकडे जुन्या शाळेची इमारत आहे. तळमजल्यावर ६ खोल्या, जोतं २ फूट उंच. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या ऊसतोडीला गेल्या की गावात म्हातारी माणसंच मागं राहतात, त्यांच्यासाठी हे केंद्र काढायचं आहे. विश्वस्त म्हणतात, २० खाटांनी सुरुवात करू. सुरुवात नेमकी कशी करावी? इमारतीत काय बदलावं?

फिजिशियन, छत्रपती संभाजीनगर
खाटा आत्ता नकोत. खाटा आल्या की शुश्रूषागृहाची नोंदणी आली, तिन्ही पाळ्यांना नर्स आली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस रात्रीही दर २ तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाडावर जखम होते. त्यापेक्षा ओपीडी नीट बसवा. पहिल्या भेटीला एका माणसामागे ४५ मिनिटं धरा, म्हणजे दिवसाला ८ ते १० जण.

सुरुवात गोळ्यांपासून. घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणायला सांगा आणि टेबलावर ओता. एकच औषध दोन कंपन्यांच्या नावानं चालू असतं. गुडघ्यासाठी रोज डायक्लोफिनॅक चालू असतं, त्यानं बीपी वाढतं, मूत्रपिंड बिघडतं. सर्दीच्या गोळीतल्या क्लोरफेनिरामिननं म्हातारं माणूस बरळायला लागतं, लघवी तुंबते. ग्लिबेनक्लामाइड ही मधुमेहाची गोळी घेऊन रात्रीचं जेवण चुकलं तर साखर पार उतरते आणि घरच्यांना तो अशक्तपणा वाटतो. ८० वर्षांच्या, ४० किलोच्या आजीचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) १.२ आलं तर बघणारा नॉर्मल म्हणून सोडून देतो. वय-वजन धरून हिशेब केला की मूत्रपिंडाचं काम मिनिटाला जेमतेम २४ मिली निघतं. डोस त्यावरून ठरवा.

बीपी ५ मिनिटं झोपवून घ्या, मग उभं करून १ आणि ३ मिनिटांनी. वरचा आकडा २० नं उतरला तर चक्कर त्यामुळंच येत असणार. लघवीची गोळी चालू असेल तर एप्रिल-मेमध्ये हे हमखास सापडतं.

फिजिओथेरपिस्ट, लातूर
२ फूट जोत्याला रॅम्प २४ फूट लांब लागेल, दोन्ही बाजूंना कठडा. जागा नाही म्हणून १० फुटांत उरकला तर व्हीलचेअर वर चढत नाही, उतरताना हातातून सुटते. संडासाचं दार बाहेर उघडणारं करा. आत माणूस पडला की आत उघडणारं दार त्याच्याच अंगावर अडतं. धरायचे दांडे विटेपर्यंत बोल्टनं पक्के करा, नुसत्या टाइलमध्ये ठोकलेला दांडा वजन पडलं की उपटून येतो. पॉलिशची शहाबादी ओली झाली की घसरते, ती काढाच.

पडण्याचा धोका तपासायला हाताची खुर्ची आणि ३ मीटरवर एक रेघ पुरे. उठून, चालून, वळून परत बसायला १२ सेकंद किंवा जास्त लागले तर व्यायाम सुरू करा. काठी मनगटाच्या घडीइतकी उंच हवी, खालचं रबर झिजलं की बदला.

प्रश्नकर्ता
ओपीडी कोणत्या दिवशी ठेवावी? विसरभोळेपणाची तपासणी करायची का?

समुदाय आरोग्य अधिकारी, बीड
बाजाराच्या दिवशी ठेवा. ७५ वरच्यांना एसटी मोफत आहे, एकटी माणसंही येतात. टोळी जायच्या आधीच्या आठवड्यात शेजाऱ्याचा फोन नंबर केसपेपरवर घ्या. आयुष्मान भारतचं वय वंदना कार्ड ७० पुढच्या सगळ्यांचं काढून द्या, पण त्यावरचे ५ लाख भरती झाल्यावरच्या उपचारांसाठी आहेत. ओपीडीचा खर्च ट्रस्टलाच उभा करावा लागेल.

विसरभोळेपणासाठी वाक्य लिहायला लावणारी चाचणी वापरू नका, अक्षरओळख नसलेली आजी त्यात विनाकारण नापास होते. निरक्षरांसाठी बेतलेली हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन आहे, ती बोलीभाषेत विचारा. आणि त्याआधी कानात बॅटरी मारून मळ बघा. प्रश्नच ऐकू आला नाही तर उत्तर चुकणारच.