लहान पाप, मोठं पाप असं खरंच असतं का? (मुलाचं पहिलं कन्फेशन आहे)

वसईची_लेक:
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा घरगुती आहे, पण इथे दोन्हीकडची माणसं आहेत म्हणून विचारतेय. मी वसईची कॅथलिक, नवरा नगरकडचा प्रोटेस्टंट, राहतो पुण्यात. मुलगा नऊ वर्षांचा, पुढच्या महिन्यात पहिलं कम्युनियन (मिस्सेत पहिल्यांदा प्रभुभोजन घेणं) आणि त्याच्या आधी पहिलं कन्फेशन, म्हणजे फादरसमोर आपली पापं कबूल करणं. सिस्टरनी सांगितलंय की घरी शांत बसून आठवा काय काय चुकलं ते. तर हा पठ्ठ्या वहीचं शेवटचं पान काढून यादीच करायला बसला. बहिणीला चिमटा काढला, आजीच्या डब्यातली चिक्की खाल्ली, प्रार्थनेच्या वेळी झोपेचं सोंग घेतलं. चौथ्या नंबरला मात्र काहीतरी लिहून खोडरबरने पान फाटेस्तोवर खोडलेलं. खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, गेल्या आठवड्यात पाळकसाहेबांचा वर्गणीसाठी फोन आलेला, तेव्हा ह्यांनी सोफ्यावर बसल्या बसल्या खुणेने सांगितलं, आंघोळीला गेलेत म्हण. पोरगा म्हणाला. आता त्याला प्रश्न पडलाय की हे सांगायचं की नाही, आणि सांगितलं तर पप्पांना पाप लागेल का.

मी म्हटलं अरे ते लहान पाप आहे, एवढं काय. तर हे आतून ओरडले, लहान-मोठं काही नसतं, पाप ते पाप! म्हणजे पोराला खोटं बोलायला लावून वर हे तत्त्वज्ञान. आमच्याकडे मॉर्टल (देवापासून तोडणारं गंभीर पाप) आणि व्हीनियल (हलकं पाप) असं शिकवतात, ह्यांच्याकडे नाही. मुलाला नक्की काय सांगू?

रविवारची_शाळा:
ताई, मी बरीच वर्षं कॅटेकिझम, म्हणजे मुलांना धर्मशिक्षण, शिकवते, दर वर्षी असा एक तरी फोन, एक तरी आंघोळ असतेच :) कॅथलिक शिकवणीत मॉर्टल म्हणायला तीन गोष्टी एकत्र लागतात, बाब गंभीर हवी, ती गंभीर आहे हे पुरतं माहीत हवं, आणि तरीही स्वतःच्या मनाने केलेली हवी. एक जरी कमी पडली तरी ते मॉर्टल होत नाही. तुमच्या मुलाचं यात कुठेच बसत नाही, बापाने खूण केली आणि त्याने तोंड उघडलं. व्हीनियल पापं कन्फेशनमध्ये सांगायलाच हवीत असा नियमही नाही, सांगितली तर चांगलं एवढंच.

पण "एवढं काय" असं मात्र म्हणू नका. जुन्या काळचा मोठा ख्रिस्ती विचारवंत संत ऑगस्टीन, त्याने म्हटलंय की ही पापं तोलताना हलकी वाटतात, मोजायला बसलात की घाबराल, थेंबाथेंबाने नदी भरते. आपल्याकडे थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात ते चांगल्या गोष्टीसाठी, त्याने वाईटासाठी वापरलं. खोटं बोलण्यावर तर तो फारच कडक, आठ प्रकार पाडले आणि आठही नको म्हणाला. त्यानंतर आठेकशे वर्षांनी थॉमस अक्विनास हा दुसरा मोठा धर्मपंडित आला, त्याने जरा सैल सोडलं, नुकसान करणारं खोटं वेगळं, कुणाच्या सोयीसाठी बोललेलं वेगळं, गमतीतलं वेगळं. पहिलं गंभीर, बाकीची दोन साधारणपणे व्हीनियल. पण पाप नाहीच असं तोही म्हणत नाही.

आणि मुलाला हे नक्की सांगा, कन्फेशनमध्ये फक्त आपलं सांगायचं, दुसऱ्याचं नाही. "मी खोटं बोललो" एवढं पुरे. फादर ते जन्मात कुणाला सांगू शकत नाहीत. गोव्याच्या माझ्या मावशीच्या भाषेत कन्फेशन म्हणजे कुमसार, आणि कुमसारातलं कुमसारातच राहतं.

नगरी_भेळ:
दाजींची बाजू थोडी घेतो, थोडीच. आमच्याकडे पापाचं वेतन मरण, रोमकरांस पत्र, सहावा अध्याय. आणि याकोबाच्या पत्रात आहे की सगळं नियमशास्त्र पाळून एकाबाबत चुकला तरी तो सगळ्याबाबत दोषी. त्यामुळे माझं लहान आहे म्हणून मी जरा बरा, असं म्हणायची सोय नाही. सगळ्यांनाच कृपेची गरज. पण याचा अर्थ चिक्की चोरणं आणि खून देवाला सारखाच दिसतो असा कुणी काढत असेल तर तो चुकतोय. येशूनेच परूश्यांना (त्या काळचे कर्मठ यहुदी) झापलंय की पुदिना, शेप, जिऱ्याचा दशांश मोजून देता आणि न्याय, दया, विश्वास या भारी गोष्टी सोडून देता, मच्छर गाळता आणि उंट गिळता. म्हणजे जड-हलकं आहेच की.

गंमत म्हणजे व्यवहारात आमच्याइतकी लहान पापांची यादी कुणाची नसेल. माझ्या आजीच्या लेखी पत्ते, तंबाखू आणि दारू म्हणजे थेट नरक. प्रार्थनासभा सुटल्यावर चपला घालता घालता कुणाच्या सुनेने काय केलं हे मात्र अर्धा तास चालायचं, ते पापात नाही!! दारूचं वावडं तर इतकं की 1869 साली वेल्च नावाच्या अमेरिकन मेथडिस्ट दंतवैद्याने द्राक्षरस उकळून न आंबणारा केला, प्रभुभोजनात वाइन नको म्हणून. तुमच्याकडे मात्र मिस्सेला खरी वाइनच लागते आणि झिंगेपर्यंत पिणं तेवढं पाप. बाकी दाजींना कुसळ-मुसळवाला उतारा वाचायला द्या.

दुपारचा_चहा:
मी ख्रिश्चन नाही, आगाऊपणा माफ करा, पण ती सात महापापं म्हणतात ती मॉर्टलच ना? आपल्या षड्रिपूंसारखीच वाटतात, एक जास्त.

वाचनवेडा:
नाही, इथे सगळेच गडबडतात. ती सात म्हणजे पापं नव्हेतच, ज्यांच्यातून पापं फुटतात त्या सवयी. त्यामुळे एक लाडू जास्त खाल्ला तर खादाडपणा आहे, पण मॉर्टल नाही. षड्रिपूंशी तुलना बरोबर आहे, तिथेही शत्रू आत बसलेलेच आहेत. मुळात ते आठ होते. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एव्हाग्रियस नावाचा साधू होता, त्याने एकांतात माणसाला छळणारे आठ विचार लिहिले, खादाडपणा, कामवासना, लोभ, खिन्नता, राग, मरगळ, बढाई, गर्व. पुढे पोप ग्रेगरीने सहाव्या शतकाच्या शेवटी गर्वाला सगळ्यांचं मूळ म्हणून बाजूला काढलं, मत्सर आत घेतला आणि मरगळ खिन्नतेत मिसळून टाकली.

माझी आवडती ती मरगळ. एव्हाग्रियस तिला दुपारचं भूत म्हणतो, सकाळी दहाच्या सुमारास येतं आणि दोनपर्यंत मानगुटीवर. सूर्य हलत नाहीसा वाटतो, दिवस पन्नास तासांचा होतो. साधू सारखा खिडकीशी जातो, बाहेर येऊन ऊन बघतो, जेवायची वेळ व्हायला किती अवकाश, मग इकडे तिकडे बघतो कुणी भेटायला येतंय का. मग वाटायला लागतं ही जागाच वाईट, दुसरीकडे गेलो तर बरं होईल. मी हे ऑफिसमध्ये वाचलं तेव्हा तासाभरात सातव्यांदा मोबाईल उघडला होता. त्याच्यावर उपाय काय, तर खोली सोडायची नाही, बस.

वसईची_लेक:
सगळ्यांचे आभार. रविवारची शाळा, तुमचं "फक्त आपलं सांगायचं" हे सांगितल्यावर पोराने सुस्कारा सोडला आणि चौथ्या नंबरला परत लिहिलंय, नुसतं "आंघोळ". म्हटलं फादरना काय कळणार, तर म्हणे मी सांगेन ना समजावून, पप्पांचं नाव न घेता. कुसळ-मुसळ मोठ्याने वाचून झालं, हे काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी वर्गणी ऑनलाइन भरली आणि स्क्रीनशॉट मलाच पाठवला. एकच शंका राहिली, पहिल्या वेळी मुलांना आत कागद नेऊ देतात का? यादी आता अकरावर गेलीय आणि त्यातली निम्मी बहिणीची आहेत.