राजनैतिक सेवेतून दहशतवादविरोधी अध्यापनाकडे: तयारी कशी करावी?

प्रश्न
परराष्ट्र सेवेतील माझा बराचसा काळ बहुपक्षीय वाटाघाटींत गेला. आता स्वेच्छानिवृत्ती घेऊन दहशतवादविरोधी अभ्यासाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम शिकवण्याचा विचार जवळजवळ पक्का झाला आहे. माझ्याकडे पीएचडी नाही, आणि जे सर्वांत शिकवण्याजोगे वाटते त्यातले पुष्कळसे गोपनीयतेच्या बंधनामुळे वर्गात सांगता येणार नाही. अशा स्थितीत विद्यार्थ्यांना नेमके काय द्यावे?

प्रतिसाद १
गोपनीयतेची एवढी धास्ती घेऊ नये, कारण उघड कागदपत्रांतच सत्रभर पुरेल इतका ऐवज आहे. दहशतवादाला मिळणारा पैसा आणि आश्रय रोखण्यास सांगणारा संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा ठराव १३७३ पाहा: ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर अवघ्या १७ दिवसांत तो संमत झाला, सनदेच्या सातव्या प्रकरणाखाली असल्याने सर्व सदस्य राष्ट्रांवर बंधनकारक ठरला, आणि तरीही दहशतवाद म्हणजे काय हे त्यात कुठेही सांगितलेले नाही. भारताने १९९६ मध्ये संयुक्त राष्ट्रांत मांडलेला दहशतवादविरोधी सर्वंकष कराराचा मसुदाही व्याख्येपाशीच अडून राहिला. व्याख्येवाचून बंधन कसे चालते, हे विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात विचारतील, आणि त्याचे उत्तर मसुद्यावर प्रत्यक्ष घासाघीस केलेला माणूस अधिक चांगले देऊ शकतो.

प्रतिसाद २
सहमत आहे. मात्र नुसती व्याख्याने देण्याऐवजी १२६७ समितीच, म्हणजे दहशतवादी संघटनांशी संबंधित व्यक्तींची निर्बंध-यादी ठरवणारी सुरक्षा परिषदेची समितीच, वर्गात भरवावी, असे सुचवतो. पंधरा विद्यार्थ्यांना पंधरा सदस्य राष्ट्रे वाटून द्या, एका संशयिताचे नाव यादीत घालण्याचा कल्पित प्रस्ताव, त्याच्या ओळखीचे तपशील आणि पुराव्यांचा गोषवारा यांसह त्यांच्यापुढे ठेवा, आणि एकाला आधीच कानात सांगा की प्रस्ताव रोखून धर, खुलासा करू नकोस. समितीचे निर्णय सहमतीने होत असल्याने उरलेले चौदा जण कितीही तावातावाने बोलले तरी गाडी पुढे सरकत नाही. पुढच्या तासाला यादीत नाव गेलेल्या माणसाची बाजू घ्यावी. २००८ मध्ये, या यादीत नाव असलेल्या कादी यांच्या खटल्यात, युरोपीय संघाच्या न्यायालयाने बचावाच्या हक्काचा मुद्दा उचलून धरला, आणि २००९ च्या ठराव १९०४ ने यादीतून नाव वगळण्याच्या विनंत्या तपासणारे लोकपालाचे पद निर्माण केले. हा सांधा विद्यार्थ्यांच्या चांगला लक्षात राहतो.

प्रतिसाद ३
वरील दोन्ही सूचना उत्तम असल्या तरी त्यांत राज्यसंस्थाच केंद्रस्थानी आहे, आणि माजी राजदूतांच्या शिकवण्यातली उणीव बहुधा इथेच असते. माणसे संघटनांत का शिरतात आणि बाहेर का पडतात, हे ठरावांतून कळत नाही. त्यासाठी गुन्हेशास्त्र, मानसशास्त्र आणि संशोधनपद्धती नव्याने वाचाव्या लागतील. आरंभ राज्यशास्त्रज्ञ डेव्हिड रॅपोपोर्ट यांच्या आधुनिक दहशतवादाच्या चार लाटांच्या मांडणीपासून करावा: अराजकवादी, वसाहतविरोधी, नवडावी आणि धार्मिक. तिच्यावर आक्षेप भरपूर आहेत, आणि म्हणूनच ती चर्चेला बरी.

पीएचडीवाचून अनुभवाच्या बळावर नेमणूक होऊ शकते, पण संशोधकांना मार्गदर्शन करण्याचा अधिकार मिळेल का, हे रुजू होण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे. आणखी एक: शासनाची अधिकृत भूमिका मांडण्याची सवय सहजी सुटत नाही. आपल्याच देशाच्या धोरणावर एखाद्या विद्यार्थिनीने कडक टीका केली, तर तिला प्रवक्त्याचे उत्तर देऊ नका. तिच्याकडे पुरावा मागा.

मूळ प्रश्नकर्ता
आभारी आहे. समितीचा सराव पहिल्याच सत्रात ठेवेन. टिपणे छापण्यापूर्वी जुन्या मंत्रालयाची परवानगी लागते का, हे कोणी अनुभवाने सांगू शकेल काय?

प्रतिसाद १
निवृत्तीनंतरचे नियम देशागणिक वेगळे आहेत. सेवेतील माहितीवर आधारलेले काहीही छापण्याआधी लेखी विचारणा करावी आणि उत्तर येईपर्यंत ती टिपणे वाटू नयेत.