विषय: घरची बिअर, फसलेले दोन घाणे

नमस्कार मंडळी,

जूनपासून घरी बिअर करून बघतोय. ऑस्टिन आणि आसपास इतकी मराठी घरं आहेत, कुणीतरी हे केलं असेलच, म्हणून विचारतो.

पहिला घाणा पाच गॅलनचा, म्हणजे साधारण १९ लिटर. माल्ट एक्स्ट्रॅक्ट (मोड आणलेल्या बार्लीचा गोड पाक), तासभर उकळी, सुरुवातीला कडवटपणासाठी हॉप्सची फुलं, शेवटच्या पाच मिनिटांत वासासाठी थोडे. भांडी सॅनिटायझरने नीट धुतली, गार करून यीस्ट घातलं आणि बादली लाँड्रीच्या खोलीत ठेवली. दोन आठवड्यांनी झाकण उघडलं तर नेलपॉलिश रिमूव्हरचा वास, घोट घेतला तर घशात जळजळ. सगळी ओतून दिली.

दुसऱ्या वेळी वास बरा होता. हायड्रोमीटरचं (घनता मोजतो, साखर आंबली की आकडा उतरतो) सुरुवातीचं रीडिंग १.०४८. सहाव्या दिवशी बुडबुडे थांबले, रीडिंग १.०२० आलं, म्हणून फेसासाठी साखर घालून बाटल्या भरल्या. नवव्या रात्री कपाटात एक बाटली फुटली, पाठोपाठ दुसरी. काचेचा एक तुकडा दाराच्या आतल्या बाजूला रुतला होता. घरात लहान मुलं आहेत, आता बाटलीला हात लावायची भीती वाटते. काय चुकतंय?

— ऑस्टिनहून

---

अरे, आधी उरलेल्या बाटल्यांचं बघ. जाड हातमोजे, गॉगल आणि थंडीतलं जाड जॅकेट घालून त्या फ्रिजमध्ये ठेव. पुरत्या गार झाल्या की एकेक उघडून ओतून टाक. मुलांना तिकडे फिरकू देऊ नकोस.

बुडबुडे थांबले म्हणजे आंबणं संपलं असं नसतं. १.०४८ ची बिअर १.०१० च्या आसपास उतरायला हवी. तू मधेच भरलीस, राहिलेली साखर बाटलीत आंबली, वर तू घातलेली साखर होतीच. तीन दिवस लागोपाठ तेच रीडिंग आलं की मगच भरायची. साखर वजन करून घाल, १९ लिटरला ११० ते १२० ग्रॅम कॉर्न शुगर. चमच्याचं माप इथे चालत नाही.

पहिल्या घाण्याचा दोष उन्हाळ्याचा. यीस्ट कामाला लागलं की स्वतःच उष्णता सोडतं. खोली २६ सेल्सिअसला असेल तर बादलीच्या आत ३० सहज होतात. एल प्रकारच्या बिअरच्या यीस्टला १८ ते २० लागतात. पहिले तीन दिवस सांभाळलेस तर निम्मं काम झालं. मला हे कळायला अख्खं वर्ष लागलं. महागडा फ्रिज घेऊ नकोस. माठाला ओलं फडकं गुंडाळायचो ना, तेच कर. टबात अर्ध्या उंचीपर्यंत पाणी, बादलीला जुना सुती टी-शर्ट, त्याची कड पाण्यात, समोर पंखा. पाण्यात बर्फ केलेल्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ बदलत राहा.

आणि एक, कारण मंडळाच्या मेळ्यात स्टॉल लावायचं कुणीतरी नक्की सुचवेल. राष्ट्राध्यक्ष कार्टरांनी १९७८ साली सही केलेल्या अमेरिकेच्या कायद्याने घरच्यासाठी वर्षाला १०० गॅलन करता येते, घरात दोन प्रौढ असतील तर २००. विकता येत नाही.

— सॅन अँटोनिओहून

---

काका,

बाटल्या तुम्ही सांगितल्या तशाच गार करून उघडल्या. एकीचा फेस छतापर्यंत गेला.

तिसरा घाणा टबात ठेवला. बादलीवर चिकटवलेली थर्मामीटरची पट्टी पहिले चार दिवस १९ च्या वर गेली नाही. रात्री बारा वाजता बर्फ बदलायला उठायची बायकोने आणि मी पाळी लावली होती. रीडिंग १.०११, तीन दिवस तेच. मग ११५ ग्रॅम साखर घालून भरली आणि बाटल्या झाकणाच्या प्लास्टिकच्या पेटीत ठेवल्या.

काल पहिली उघडली. बारीक आवाज झाला, दोन बोटं फेस आला आणि टिकला. भाजलेल्या बिस्किटासारखी चव, मागून संत्र्याच्या सालीसारखा कडवटपणा. फार आनंद झाला. मागे किंचित हिरव्या सफरचंदाची चव राहते आहे, ती मुरल्यावर जाते का? शनिवारी तिकडे येतोय. दोन बाटल्या गार करून आणतो, चाखून सांगा.