दुसरा रिमोट कुणाकडं? घरात व्हिडिओ गेम घेतानाचे अनुभव

शहापूरचा_धोटा
खंडेनवमीला पुजायला जुने धोटे काढावेत म्हणून माळ्यावर चढलो. माग विकून पंधरा वर्षं झाली, धोटे ठेवलेत. त्याच ट्रंकेत तळाला एक पिवळी कॅसेट मिळाली, टीव्ही गेमची. वरचं चित्र उडालंय, मागं चिकटपट्टीवर बाबांच्या अक्षरात लिहिलंय: 'कुणाला देऊ नये'.

१९९६ च्या सुमारास बाबांनी तो गेम खडेबाजारातून आणलेला, कामगारांचा दिवाळी बोनस वाटून उरलेल्या पैशातून. रात्री माग बंद झाले की ते टीव्हीसमोर मांडी घालून बसायचे. आयुष्य मागाच्या आवाजात गेलेलं, त्यामुळं घरातपण ओरडूनच बोलायचे. कॉन्ट्रा, तो दोघांनी मिळून गोळ्या मारत पुढं जायचा गेम, त्यातली ती धबधब्याची लेव्हल आठवते काय? बाबांनी गोकाकच्या धबधब्यावरनं तिचं नाव 'गोकाक' ठेवलेलं. "गोकाक आलं रे!" म्हटलं की आई स्वयंपाकघरातून येऊन बघायची. त्या लेव्हलला एकजण भराभर वर चढला की खाली राहिलेला स्क्रीनबाहेर जाऊन मरतो. मी दरवेळी वर पळायचो, बाबा दरवेळी मरायचे आणि दरवेळी तेच म्हणायचे, "अरे थांब की जरा."

आता माझा पोरगा चौथीत आहे आणि त्याला दिवाळीला पीएस५ (प्लेस्टेशन ५) पाहिजे. मला दोघांनी मिळून खेळता येईल असं काहीतरी पाहिजे. माझा अंगठा दोन बटणांवर तयार झालेला, आताच्या रिमोटला दोन काठ्या आणि डझनभर बटणं. तुम्ही काय घेतलं, कुठं फसलात, ते लिहा. जाहिरात नको, अनुभव सांगा.

कंग्राळी_एक्सप्रेस
फुंकर!!! कॅसेटला फुंकर मारल्याशिवाय चालायचीच नाही.
आणि कॉन्ट्राचा कोड: वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए. तीस जीव. सतराचा पाढा विसरलो, हे नाही विसरलो.

सोल्डरिंग_मामा
फुंकरीनं काय होत नव्हतं बाबांनो. कॅसेट काढून परत घातल्यावर पिना नीट बसायच्या म्हणून चालायची. उलट तोंडाची वाफ जाऊन पिना गंजायच्या. धागाकर्ते, ती कॅसेट चालवून बघणार असाल तर कानातल्या कापसाच्या काडीला स्पिरिट लावून पिना पुसा, वाळू दे, मग घाला.

आणि आपण खेळायचो ते मशीन म्हणजे जपानात १९८३ ला निघालेल्या निन्टेंडोच्या फॅमिकॉमची नक्कल. मेनूवर ९९९९ गेम लिहिलेले, आत मोजून सात-आठ, पुढं तेच फिरून फिरून.

कंग्राळी_एक्सप्रेस
मामा, बालपण कशाला खराब करता.

खानापूरची_आई
कुकर लावलाय, दोन मिनिटात लिहिते. मी कुठं फसले ते आधी. लेकीसाठी निन्टेंडोचा स्विच लाइट घेतला. निन्टेंडो भारतात अधिकृत विकत नाही, मिळतो तो बाहेरून आलेला, वॉरंटी म्हणजे दुकानदाराचा शब्द. मला वाटलं लाइट म्हणजे वजनाला हलका, किमतीला हलका. घरी येऊन टीव्हीला जोडायची वायर शोधतोय तर नाहीच. तो टीव्हीला लागतच नाही! बाजूचे रिमोट निघतपण नाहीत. लेक पांघरुणात घेऊन बसायची आणि मी बाहेरून विचारायची, "काय करूलैस गं आत?"

सहा महिन्यांनी तोटा सोसून विकला आणि मोठा स्विच घेतला. त्याच्या दोन्ही बाजूचे तुकडे निघतात, आडवे धरायचे, एक तिला एक मला. म्हणजे डब्यातच दोघांची सोय. तुमच्यासारख्याला हेच सांगेन. तिसरी शिट्टी झाली, उरलेलं नंतर.

स्तवनिधी_घाट
मी पीएस५ घेतलो. काय चुकलो तेवढं सांगतो.
आपल्याकडं तो २०२१ च्या फेब्रुवारीत आला, डिस्कवाला ४९,९९० आणि बिनडिस्कचा ३९,९९०. दहा हजार वाचतात म्हणून बिनडिस्कचा घेतलो. आता कोल्हापुरात मेव्हण्याकडं डिस्कांनी भरलेलं कपाट आहे, पीएस४ च्या जुन्या डिस्कपण ह्यात चालतात, खरं माझ्याकडं घालायला भोकच नाही! प्रत्येक गेम ऑनलाइन नवाकोरा विकत घ्यायचा, तीन-चार हजार. वाचलेले दहा हजार तीन गेममध्ये संपले. खेळून झालेला गेम विकतापण येत नाही.

दुसरं, डब्यात रिमोट एकच येतो. दुसरा तेव्हा सहा हजाराच्या आसपास. मी म्हटलो नंतर बघू. ते 'नंतर' दीड वर्ष चाललं. तवर पोरगा खेळूलाय आणि मी शेजारी बसून बघूलोय, शेंगा सोलत. एक दिवस तोच म्हटला, "पप्पा, तुम्ही जावा की झोपायला." दुसऱ्या दिवशी जाऊन रिमोट आणलो.

कोथरूडात_बेळगावकर
'मी घेतलो', 'मी चुकलो', 'मी म्हटलो' वाचून डोळे भरून आले. इथं ऑफिसात तोंडातून गेलं की सगळे हसतात.

स्तवनिधी_घाट
हसू दे की. ते 'मी जेवण केलं' म्हणतात तेव्हा आम्ही हसतो काय?

लगोरी_झिंदाबाद
एवढे पैसे घालण्यापेक्षा पोराला घेऊन अंगणात किल्ला करा. माती फुकट, मावळे पन्नास रुपयांत. आमच्या गल्लीत किल्ले करणारी पोरं दरवर्षी कमी होऊलेत.

शहापूरचा_धोटा
किल्ला करतोच हो. राजहंसगड केलेला मागच्या वर्षी, बुरूज मांजरानं पाडला.

कॅम्पातला_शिकारी
बदकं मारायची बंदूक कुणाकडं होती काय? आमच्या पप्पांना तेवढाच गेम यायचा. खुर्ची टीव्हीला चिकटवून बसायचे आणि नळी काचेला लावून मारायचे. वर म्हणायचे नेमबाज आहे मी.

गेल्या मे महिन्यात तेच जुनं मशीन मोठ्या हौसेनं एलईडी टीव्हीला जोडलं. पोरं गोळा झाली. एकही बदक मरेना. पप्पांचा चेहरा बघवत नव्हता, ते बंदूक हलवून हलवून बघूलेत.

सोल्डरिंग_मामा
मरणार नाहीत. चाप ओढला की स्क्रीन क्षणभर काळी होते, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीत डोळा आहे, त्याला अगदी त्याच क्षणी तो उजेड दिसला पाहिजे. जुन्या डब्बा टीव्हीत चित्र लगेच उमटायचं. एलईडी चित्र दाखवायला किंचित उशीर करतो, तवर बंदुकीनं बघून झालेलं असतं. पप्पांना सांगा नेम चांगलाच आहे, टीव्ही चुकलाय.

कॅम्पातला_शिकारी
मामा 🙏 हे आत्ताच त्यांना वाचून दाखवलं. "मी म्हटलो नव्हतो?" म्हणूलेत. आता डब्बा टीव्ही शोधायला पाठवणार मला.

येळ्ळूरचा_बासमती
आम्ही एक्सबॉक्स सिरीज एस घेतला. त्यातल्या त्यात स्वस्त, आणि महिन्याचे पैसे भरले की भरपूर गेम मिळतात, पोरगी रोज नवीन काढून बघते, आवडला नाही की सोडून देते. विकत घेऊन वाया जाण्यापेक्षा बरं.
खरं त्यालापण डिस्क नाही. सगळं नेटवरनं उतरवायचं. एकेक गेम पन्नास-साठ जीबी, काही शंभराच्या वर. शेताकडच्या घरात आमचं नेट म्हणजे पावसाळ्यातलं ऊन. मग काय, शनिवारी मशीन टॉवेलात गुंडाळून पिशवीत घालायचं, टू-व्हीलरवर पुढं ठेवून बेळगावात भावाकडं जायचं, रात्रभर तिथं लावायचं, रविवारी जेवून परत. वहिनी म्हणते भावजी आमच्याकडं येत नाहीत, वायफायकडं येतात. आत जागापण ५१२ जीबीचीच, त्यातली बरीचशी मशीनच खातं. नवीन घ्यायचा तर जुना काढा.

गावाकडं राहत असाल तर आधी नेट बघा, मग मशीन ठरवा.

स्तवनिधी_घाट
आणि लाईटचंपण बघा. मध्येच गेली की परत चालू करताना ते आपल्यालाच बोलतं, नीट बंद केलं नाही म्हणून. मी काय मुद्दाम बंद केलो काय! शेवटी कॉम्प्युटरचा यूपीएस लावला.

तिसऱ्या_मजल्यावरची
माझं उलटं. पोरीनं बापासाठी आणलेला. बाबा मास्तरकीतून निवृत्त झाले आणि दिवसभर पेपर वाचून चिडायला लागले. दादानं अमेरिकेहून निन्टेंडोचा वी पाठवला, तो हातात काठी धरून बॉलिंग-टेनिस खेळायचा. मी हौसेनं भिंतीत प्लग घातला. खर्र आवाज, जळका वास, संपला अ‍ॅडॉप्टर. तो तिकडच्या १२० व्होल्टचा, आपल्याकडं २३०. वर बारीक अक्षरात छापलंय, वाचलं कोण? नशिबानं मशीन वाचलं, इथं चालणारा अ‍ॅडॉप्टर मिळवला. (स्विचचा चार्जर १०० ते २४० चालतो, ती भीती नाही.)

मग मात्र बाबा सुटले. एका हातानं धोतराचा सोगा धरायचा, एक पाऊल पुढं आणि चेंडू. मनगटात दोरी घालायला सांगितलं तर "मी काय बैल आहे?" आठवड्यात काठी हातातून सुटली आणि शोकेसची काच गेली. त्या दिवसापासून न सांगता दोरी घालायचे. शेवटच्या वर्षी उठवत नव्हतं तेव्हा बसल्या बसल्या खेळायचे, नुसतं मनगट हलवून. जिंकायचेपण.
असो. आता तसलं पाहिजे तर स्विचवर स्विच स्पोर्ट्स आहे.

खानापूरची_आई
तुमच्या बाबांना नमस्कार. डोळ्यांत पाणी आणलंत.
मघाचं उरलेलं: स्विचच्या छोट्या रिमोटची काठी वर्ष-दीड वर्षात बिघडते. आपण हात लावायचा नाही आणि मारिओ आपल्या मनानं डावीकडं चालत जाऊन खड्ड्यात पडतो. कुठून घेताय तिथं दुरुस्ती करतात काय ते आधीच विचारून घ्या.

कंग्राळी_एक्सप्रेस
आपल्या मनानं जाऊन खड्ड्यात पडतो? मारिओ आमच्या रस्त्यावरनं गाडी चालवूलाय वाटतं.

अनगोळकर
आमच्याकडं मारिओ कार्ट, स्विचवरचा गाड्यांच्या शर्यतीचा गेम. वरच्या मजल्यावर कन्नड घरचा पोरगा आहे, तो रोज येतो. दोघं ओरडत असतात, "लगू होगो! बिडब्याडो!" आमच्या पोराला शाळेत कन्नडात पस्तीस पडायची मारामार, आता फाडफाड बोलतो. ट्यूशनचे पैसे वाचले. वरच्या घरात मात्र त्याची आई विचारूलीया, आमचा पोरगा 'आयला' कुठं शिकला.

त्यात गाडी आपोआप रस्त्यावर ठेवायची सोय आहे, चालू केली की कडेला जाऊन पडत नाही. आमची आई सत्तरीची, चष्मा कपाळावर, तरी शेवटच्या, बाराव्या नंबरात येत नाही. तुमच्या अंगठ्याला हेच बरं.

टिळकवाडी_दुसरं_गेट
मी आणि लेक, आठ वर्षांची, दोघीच राहतो. मला कुणीतरी 'इट टेक्स टू' सुचवला, कारण तो एकट्यानं खेळताच येत नाही, दोघं लागतातच. गेम म्हणून फार सुंदर. एकीकडं खिळे, एकीकडं हातोडा, एकमेकीशिवाय पुढं सरकत नाही. पण गोष्ट आधी बघितली नव्हती मी. आईवडील वेगळे व्हायचं ठरवतात, मुलगी रडते आणि ते दोघं बाहुल्या होतात. एक बोलणारं पुस्तक सारखं त्यांना एकत्र आणायला बघतं.

लेकीनं रिमोट खाली ठेवला आणि विचारलं, "आपल्याकडंपण बाहुल्या झाले असते तर?" मी पाणी आणायला उठले. मग आम्ही दोन दिवस खेळलो नाही. तिसऱ्या दिवशी तिनंच लावला आणि पूर्ण केला आम्ही. वाईट म्हणत नाही, पण लहान मुलं असतील तर डब्यावरचं वय बघा आणि गोष्टपण आधी बघा.

खानापूरची_आई
🙏 बेळगावला आले की येते तुमच्याकडं. लेकीला घेऊन.

येळ्ळूरचा_बासमती
डब्यावरच्या वयाचं खरं आहे. माझ्या भाच्याला दहाव्या वर्षी जीटीए, तो मारधाडीचा गेम, कुणीतरी भेट दिला. वर ढळढळीत १८ छापलंय. भाऊजींना वाटलं १८ लेव्हल आहेत.

शहापूरचा_धोटा
सगळ्यांचे आभार. दुकानातून आल्या आल्या वाचत बसलो, बायको म्हणते दिवाळीचं काम कोण करणार.

ठरलंय असं: साधा स्विच, टीव्हीला लागणारा, मारिओ कार्टसकट. नवा 'स्विच २' २०२५ च्या जूनमध्ये आलाय, पण त्याच्या पैशात ह्यात चार गेम येतात. पोराला सांगितलं. तो रुसलाय. "पीएस५ च्या डब्यात एकच रिमोट असतो, ह्यात दोन" असं म्हटलं तर म्हणाला, "मग तुम्ही खेळणार?" तोंड असं केलं की काय सांगू.

कॅसेट बाबांना दाखवली. ते आता चौऱ्याहत्तर. मशीन गेलंय कधीच, नुसती कॅसेट. उलटीसुलटी केली, स्वतःचंच अक्षर वाचलं आणि मोठ्यानं म्हणाले, "गोकाक तू कधी मला पार करू दिलं नाहीस."

कॅम्पातला_शिकारी
मशीन नाही तर कॅसेट विकणार काय? माझ्याकडं मशीन आहे.

शहापूरचा_धोटा
चिकटपट्टी वाचली नाही काय? बाबांना घेऊन येतो तुमच्याकडं, रविवारी. डब्बा टीव्ही मिळाला की कळवा.

लगोरी_झिंदाबाद
कॅम्पात येताय तर येताना कुंदा आणा, पाव किलो तरी.