पेट्रोलवर चालणारी रिमोट बोट घ्यायची आहे. सुरुवात कशी करावी?

नवखा_खलाशी

नमस्कार. गेली तीन वर्षे मी बॅटरीवर चालणाऱ्या रिमोट बोटी चालवतो आहे. साधारण साठ सेंटिमीटर लांबीची एक बोट मी स्वतः जोडली असून सोल्डरिंग करणे, सर्व्हो (सुकाणू वगैरे हलवणारी छोटी मोटर) बसवणे, रेडिओ जुळवणे ही कामे मला जमतात. मात्र बॅटरी काही मिनिटांत संपते आणि उरलेली सकाळ चार्जरच्या दिव्याकडे पाहण्यात जाते, याचा आता कंटाळा आला आहे. त्यामुळे पेट्रोल इंजिनच्या मोठ्या बोटीकडे वळावे असे मनात आहे. इंजिनाशी माझा संबंध आजवर दुचाकीचा प्लग साफ करण्यापलीकडे गेलेला नाही, हे आधीच कबूल करतो.

कॅटामरान (दोन तळांची बोट) घ्यावी की खोल व्ही आकाराच्या तळाची बोट घ्यावी, तयार बोट बरी की सांगाडा आणि इंजिन वेगवेगळे घेऊन जोडणे बरे, आणि क्लच असावा की नसावा, या तीन गोष्टींवर माझे घोडे अडले आहे. पहिल्या काही महिन्यांत नेमके काय बिघडते हेही अनुभवी मंडळींनी सांगावे, कारण जाहिरातीत ते कधीच लिहिलेले नसते.

तांडेल

प्रथम एक गैरसमज टाळू. ‘नायट्रो’ बोटी आणि पेट्रोलच्या बोटी या वेगळ्या. नायट्रोच्या इंजिनाला मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचे खास मिश्रण लागते. तुम्ही म्हणता त्या बोटीत गवत कापण्याच्या यंत्रांतून विकसित झालेले टू-स्ट्रोक इंजिन असते. ते साध्या पेट्रोलमध्ये तेल मिसळून चालते आणि दोरी ओढून सुरू होते. या छंदात सर्वाधिक रुळलेले झेनोआचे जी-२६० हे इंजिन २५.४ सीसीचे आहे, तर त्याचे थोरले भावंड जी-३२० हे ३१.८ सीसीचे. अर्ध्या लिटरच्या टाकीवर साधारण वीस मिनिटे बोट फिरते, म्हणजे तुमची चार्जरची तक्रार तेवढ्यापुरती मिटली.

तळाचे म्हणाल तर पहिली बोट खोल व्ही तळाचीच घ्या. कॅटामरान सरळ रेषेत अधिक वेगाने पळते, पण तिच्या दोन तळांमधल्या बोगद्यात हवा शिरून नाक उचलले गेले की ती पतंगासारखी मागे उलटते. पाण्यावर थोड्या लाटा असताना व्ही तळ आदळतो, डुलतो, पण बहुधा सरळ राहतो. लांबी सव्वा मीटरच्या आसपास असू द्या. इंजिन आणि भरलेली टाकी धरून अशी बोट सहज आठ-नऊ किलो भरते आणि ताशी ८० किलोमीटरने पळत असेल तर एका सेकंदात बावीस मीटर पाणी कापते. साठ सेंटिमीटरच्या बोटीची सवय असलेल्या माणसाला हा फरक हातात रिमोट येईपर्यंत उमगत नाही. पोहणारी माणसे, होड्या किंवा पाणपक्षी असतील तेथे ती पाण्यात घालायचीच नाही.

आता माझे मुख्य म्हणणे. नवा माणूस वेगाबद्दल विचारतो, पण पहिल्या वर्षी ‘ही बोट काठावर परत येईल का’ एवढाच प्रश्न विचारावा आणि हातातले पैसे आधी त्यावर खर्च करावेत. बॅटरीच्या बोटीत रेडिओचा संपर्क तुटला की बहुतेक स्पीड कंट्रोलर मोटर थांबवतात. येथे तसे नाही. इंजिनाची ठिणगी मॅग्नेटोतून, म्हणजे इंजिनाच्या फिरण्यातूनच वीज करणाऱ्या भागातून येते आणि मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही, त्यामुळे बोटीतला रेडिओ पूर्ण मेला तरी इंजिन खुशाल चालत राहते. म्हणून रिसीव्हरचा फेलसेफ असा लावा की सिग्नल जाताच थ्रॉटल बंद व्हावा. इंजिन बंद असताना रिमोट बंद करून कार्बोरेटरचे झाकण खरोखर मिटते का, हे प्रत्येक वेळी डोळ्यांनी पाहा. पण थ्रॉटलची तारच अडकली किंवा रिसीव्हरची बॅटरीच संपली तर फेलसेफही काही करू शकत नाही. त्यासाठी तिसऱ्या चॅनेलवर चालणारा, ठिणगीच तोडणारा वेगळा किल स्विच बसवा. तो असा निवडा की त्याचा वीजपुरवठा गेला तरी त्याने इंजिन बंदच करावे.

दुसरी गोष्ट तरंगण्याची. नुसता फायबरचा सांगाडा पाणी भरले की इंजिनाच्या वजनाने तळाला जातो. पुढच्या भागात आणि दोन्ही बाजूंना बंद पेशींचा फोम, म्हणजे पोहायला शिकणारी मुले वापरतात त्या लांब नळ्यांचा फोम, दाबून भरा. नंतर झाकण काढून बोट गुडघाभर पाण्यात मुद्दाम उलटी करून पाहा. नाक किंवा शेपूट वीतभर जरी वर राहिले तरी पुरे. हे मी सांगतो तेव्हा लोक मान डोलावतात आणि फोम पुढच्या आठवड्यावर टाकतात.

इंधनाबाबत इंजिनाच्या पुस्तिकेतले प्रमाण पाळा. २५ ला १ हे या इंजिनांसाठी नेहमीचे प्रमाण आहे, म्हणजे एक लिटर पेट्रोलला ४० मिलिलिटर टू-स्ट्रोकचे चांगले तेल. तेल अंदाजाने ओतू नका. पेट्रोलची नळी पेट्रोलसाठीच बनवलेली हवी. सिलिकॉनची नळी पाण्यासाठी उत्तम, पण पेट्रोलमध्ये ती फुगते, मऊ पडते आणि जोडावरून निसटते. बॅटरीच्या छंदातून येणाऱ्यांच्या घरी सिलिकॉनची नळी पडलेली असते आणि तीच लावण्याचा मोह होतो, म्हणून मुद्दाम लिहिले.

सुकाणू_उजवीकडे

तांडेल यांच्या बहुतेक मुद्द्यांशी मी सहमत आहे. तयार बोट की सुटे भाग, हा तुमचा प्रश्न मात्र त्यांच्याकडून राहून गेला. मी तयार बोटच सुचवेन, पण एका अटीवर. ती घरी आणल्यावर पाण्यात घालण्याआधी एकदा पूर्ण उघडावी. इंजिनाच्या कंपनाने स्क्रू सैल होतात. कार्बोरेटर धरणारे दोन स्क्रू, एक्झॉस्टचे स्क्रू आणि रडरचा (सुकाणूचा) कंस काढून, पुसून, धातूचे आटे जेथे जेथे आहेत तेथे थ्रेडलॉकचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या चिकट द्रवाचा) थेंब टाकून पुन्हा बसवावेत. एका संध्याकाळचे काम आहे आणि त्यात बोटीचा कोनाकोपरा ओळखीचा होतो. सांगाडा आणि इंजिन वेगळे घेतले की इंजिनाचा दांडा आणि पंख्याला (प्रोपेलरला) फिरवणाऱ्या लवचिक केबलची नळी एका रेषेत आणावी लागते. पहिल्याच प्रयत्नात ते नीट साधलेले मी फारसे पाहिलेले नाही.

क्लचविषयी मतभेद आहेत. क्लच असेल तर इंजिन मंद चालू असताना पंखा थांबून राहतो, बोट शांतपणे पाण्यात ठेवता येते. पण तो एक झिजणारा, तापणारा भाग वाढतो, म्हणून शर्यतीच्या बोटी बहुधा थेट जोडणीच्या असतात. थेट जोडणीत दोरी ओढताक्षणी पंखा फिरू लागतो. या बोटींच्या पंख्याची पाती घासून धारदार केलेली असतात आणि तो पंखा काय करू शकतो हे वेगळे सांगायला नको. सोबत दुसरा माणूस नेहमी असणार असेल तर थेट जोडणी घ्या, एकटे जाणार असाल तर क्लच घ्या. दोन्ही प्रकारांत इंजिन सुरू करताना बोट घट्ट स्टँडमध्ये, हातमोजे घातलेले, आणि कोणीही पंख्याच्या मागे किंवा बाजूच्या रेषेत उभे नाही, एवढे पाळा.

वळणाचे एक सांगतो. शर्यती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने धावतात, म्हणून बहुतेक बोटींचा रडर मध्यावर नसून उजव्या अंगाला असतो आणि बोट उजवीकडे छान वळते. पूर्ण वेगात डावीकडे झटकन वळवाल तर ती अडखळून कोलांटी खाईल. पहिले काही दिवस उजवीच वळणे घ्या. माझे टोपणनाव त्यातूनच आले आहे.

नवखा_खलाशी

दोघांचेही मनापासून आभार. खोल व्ही तळाची, २६ सीसीची, क्लच असलेली तयार बोट ठरवली. दोन शंका उरल्या आहेत. कार्बोरेटरवर ‘एल’ आणि ‘एच’ असे दोन स्क्रू असतात, त्यांना नवख्याने हात लावावा का? आणि पंख्याच्या लवचिक केबलला वंगण वारंवार लागते असे वाचले. वारंवार म्हणजे किती?

तांडेल

हात लावावा, पण बेताने. ‘एल’ मंद गतीसाठी आणि ‘एच’ पूर्ण वेगासाठी. दोन्ही अलगद टेकेपर्यंत बंद करून सुमारे सव्वा ते दीड फेरा उघडे, ही नेहमीची सुरुवात आहे. जोर लावून आवळलात तर सुईचे टोक खराब होईल. ‘एच’ जास्त बंद केला की इंजिनाचा आवाज चढतो, बोट पळते, मन हरखते आणि तेवढ्यात पिस्टन सिलिंडरला पकडतो. पेट्रोल कमी पडले म्हणजे त्याच्यासोबत येणारे तेलही कमी पडते, हे त्यामागचे कारण आहे. म्हणून नेहमी थोड्या जास्त पेट्रोलच्या बाजूला राहा. पूर्ण वेगात दोन फेऱ्या मारून इंजिन तेथेच बंद करा, प्लग काढून पाहा. टोक खाकी-तपकिरी दिसले तर ठीक, पांढरे पडले असेल तर ‘एच’ अष्टमांश फेरा उघडा. स्टँडवर ट्यूनिंग करू नका, कारण पंख्यावर पाण्याचा भार नसताना इंजिन जे बोलते ते खोटे असते. शिवाय पाण्याबाहेर त्याला थंड करायला पाणी मिळत नाही, त्यामुळे तेथे काही सेकंदांपलीकडे ते चालवूच नये.

पाणकावळा

केबलविषयी मी लिहितो, कारण या बाबतीत मी हात पोळून घेतलेले आहेत.

वारंवार म्हणजे पाण्यावरच्या प्रत्येक दिवसानंतर. कॉलेट (केबल इंजिनाला धरून ठेवणारी पकड) सैल करा, पंख्याकडून केबल पूर्ण बाहेर ओढा. बाहेर येईल ते ग्रीस करडे आणि पाणी मिसळून दुधासारखे झालेले असेल. ते फडक्याने पुसा आणि केबल बोटांतून हळू फिरवा. एखादी तार तुटून वर आली असेल तर ती बोटाला टोचते, डोळ्यांना मात्र दिसत नाही. टोचली की केबल बदला. नाहीतर पाण्याला न विरघळणारे मरीन ग्रीस टोकापासून टोकापर्यंत चोळून ती फिरवत फिरवत परत घाला. बसवताना ड्राइव्ह डॉग (पंख्याला फिरवणारा, दांड्यावरचा तुकडा) आणि स्ट्रट (बोटीमागे दांडा धरणारा कंस) यांच्यात तीन ते पाच मिलिमीटर फट ठेवा. भार आला की केबलचा पीळ आवळतो आणि ती आखडते. फट नसेल तर डॉग स्ट्रटवर घासू लागतो आणि इंजिनाच्या दांड्यावर ओढ येते. पहिल्या बोटीत मी ही फट ‘नीटनेटकी दिसावी’ म्हणून बंद केली होती आणि महिन्याभरात स्ट्रटचे बुश खाऊन टाकले.

दुसरा धडा याहून महाग पडला. बोट उलटली, इंजिनाने पाणी ओढले, मी ती घरी आणली, बाहेरून स्वच्छ पुसली आणि ‘उद्या बघू’ म्हणून ठेवून दिली. पुढच्या आठवड्यात दोरी हलेना. क्रँकच्या बेअरिंगवर गंज चढला होता. पाणी गेल्यावर दोरी जोरात मुळीच ओढायची नसते, कारण पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. प्लग काढा, बोट उलटी धरा, दोरी सावकाश ओढून पाणी काढा, टाकीतले पेट्रोल टाकून द्या, नवे मिश्रण भरा आणि त्याच दिवशी, त्याच काठावर इंजिन पुन्हा चालवून गरम होऊ द्या. ते सुरू होत नसेल तर प्लगच्या छिद्रातून आणि कार्बोरेटरमधून तेल सोडून दांडा फिरवून ठेवा.

आणि बंद पडलेल्या बोटीसाठी पाण्यात उतरू नका, पट्टीचे पोहणारे असलात तरी. गळाच्या दांडीला टेनिसचा चेंडू बांधून तो बोटीपलीकडे फेकला आणि दोर तिच्यावरून ओढत आणला की ती काठाकडे सरकते. बोट फार लांब असेल तर वारा तिला आणेपर्यंत बसून राहावे.

नवखा_खलाशी

काल बोट पहिल्यांदा पाण्यात घातली. फोम भरला होता, फेलसेफ दोनदा तपासला, वळणे सगळी उजवी घेतली. थंड करणाऱ्या पाण्याची बारीक धार बोटीच्या बाजूने सुरुवातीला छान पडत होती. चौथ्या फेरीत ती दिसेनाशी झाल्याचे वाटले. खात्री करण्यात आणखी अर्धी फेरी गेली आणि मग मी इंजिन बंद केले. बोट काठावर आणली तेव्हा थंड करणारे पाणी आत घेणाऱ्या, रडरमधल्या छिद्रात पाणवनस्पतीचे एक पान नीट गुंडाळून बसलेले सापडले. सिलिंडर हात लावता येणार नाही इतका तापला होता. इंजिन गेले असेल का?

तांडेल

घाबरू नका, पण पाहिल्याशिवाय सुरूही करू नका. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर प्लग काढा, एक्झॉस्ट उतरवा आणि छिद्रातून विजेरीच्या उजेडात पिस्टनची बाजू पाहा. दांडा हाताने फिरवून पिस्टन खालीवर करा. बाजू गुळगुळीत असेल किंवा नुसता तपकिरी डाग असेल तर बिनधास्त चालवा. उभे, नखाला लागणारे चरे दिसले तर सिलिंडर काढावा लागेल. तसे असेल तर फोटो टाका, पुढचे सांगतो. पाण्याची नळी दोन्ही टोकांनी तोंडाने फुंकून पाहा, पानाचा तुकडा आत राहिलेला असू शकतो. यापुढे धार दिसेनाशी झाल्याचे नुसते वाटले तरी त्याच क्षणी किल स्विच दाबा. अर्धी फेरी खात्री करण्यात घालवू नका.